गुडघ्यापर्यंतचं पाणी

केझियाने ‘मॅकरोनी-चीज’ या ओळीपुढे मिस रोशेलचं नाव टाकलं आणि लॅपटॉप टेबलाकडे वळवला.

लमॉन्टकाका कोंबडीची तंगडी तोंडाशी नेता नेता थांबला. बर्नडीन आत्याने चष्मा नाकावर खाली ओढला, मग वर ढकलला. जणू चूक काचेची असावी. छताच्या पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली. या घरात पंखा ऐकू येणं म्हणजे काय, हे केझियाला पंधरा वर्षांत पक्कं कळलेलं होतं.

"पोरी," बर्नडीन आत्या म्हणाली, "ती माझी ओळ आहे."

"माहीत आहे."

"एकोणीस वर्षं माझी आहे."

"म्हणूनच म्हटलं, जरा विश्रांती घे."

"विश्रांती मी कबरीत घेईन. आणि तिथे जाण्याआधी मॅकरोनी कुणाला द्यायची ते लिहून ठेवीन."

"माझं नाव लिही," लमॉन्टकाका म्हणाला. "करायला नको, खायला."

सगळे हसले. पंखा पुन्हा ऐकू येईनासा झाला. पण पडद्यावरचं नाव तसंच होतं आणि केझियाने ते काढायला हात पुढे केला नाही.

मार्चमधला दुसरा रविवार होता. चर्च सुटल्यावर सगळे जॉर्जियातल्या मेकनच्या या विटांच्या घरात जमले होते, कारण दरवर्षी याच रविवारी टॉलिव्हर कुटुंबाची उन्हाळ्याची सहल ठरते. जूनच्या शेवटी जेकिल बेटावर जायचं, समुद्राकाठची दोन घरं घ्यायची, पाच रात्री राहायचं, माणसं बावीस. एवढं ठरायला दहा मिनिटं लागली. गेली तीस वर्षं तेच ठरत आलंय. टी-शर्टांच्या रंगाला मात्र चाळीस मिनिटं लागली. बर्नडीन आत्याला जांभळा हवा होता. जांभळ्यात आपण पिकलेल्या वांग्यासारखे दिसतो, असं लमॉन्टकाकाचं म्हणणं होतं, आणि तो खरंच तसा दिसतो, म्हणून शेवटी निळा ठरला.

हे सगळं आजवर बर्नडीन आत्या वहीत लिहायची. या वर्षी ते काम केझियाकडे आलं, आणि तेही खुद्द मोठ्या आत्याच्या तोंडून. मोठी आत्या म्हणजे व्हर्नेल, बाबांची आत्या, वय चौऱ्याहत्तर, घर तिचं, टेबल तिचं, शेवटचा शब्दही तिचाच. "ही पोरगी हल्ली बोलायला लागलीय," ती म्हणाली होती. "लिहू दे मग तिलाच." त्या एका वाक्यावर केझिया आठवडाभर हवेत होती. शनिवारी बसून तिने यादीचा सुंदर तक्ता केला होता, रंगीत रकान्यांसकट.

आता यादीचं असं, की टॉलिव्हरांकडे पदार्थ नुसता पदार्थ नसतो, ती जागा असते. रिब्स, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या बरगड्या, लमॉन्टकाकाच्या. पीच कॉबलर, जेवणानंतरचं ते पीचचं गोड, मोठ्या आत्याचं. बटाट्याचं सॅलड धाकट्या चुलतकाकूला मिळालं ते तिच्या लग्नाच्या नवव्या वर्षी, आणि ती रडली होती. नव्याने घरात आलेल्या माणसाला मिळतात कागदी प्लेट्स, कागदी पेले आणि बर्फ. ज्याच्या हाताची अजून खात्री नाही, त्याने अशी वस्तू आणावी जी कुणालाच बिघडवता येत नाही. लमॉन्टकाकाच्या दुसऱ्या बायकोने चार वर्षं बर्फ आणला. पाचव्या वर्षी ती त्याला सोडून गेली, आणि सगळ्यांना पहिली आठवण झाली ती बर्फाची.

मिस रोशेलच्या नावापुढे तीन वर्षं प्लेट्स आणि बर्फ होता. बाबांशी तिचं लग्न होऊनही तीन वर्षं झाली होती. ती मूळची उत्तरेकडची, मिलवॉकीची. इथे शाळेची बस चालवते. केझियाची आई ह्यूस्टनला असते, तिच्याशी दर बुधवारी फोन होतो, त्यामुळे घरात दुसऱ्या आईचा प्रश्नच नव्हता. लग्नाआधी केझिया तिला मिस रोशेल म्हणायची आणि नंतरही तेच चालू राहिलं, एवढंच. आत्ता ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, टेबलापासून जराशी लांब, मांडीवर बशी घेऊन.

"केझिया," ती हळूच म्हणाली, "राहू दे."

राहू देता आलं असतं तर केझियाने दिलंच असतं. पण मंगळवारी तिने ऐकलं होतं. मिस रोशेल टॉवेलांच्या घड्या घालत बाबांना सांगत होती, "या वर्षी तुम्हीच जा, कर्टिस. उन्हाळी शाळेच्या फेऱ्या कुणीतरी घ्यायलाच हव्यात. प्लेट्स काय, वाटेतही मिळतात." आवाजात ना राग, ना रडू. घडीच्या कडा जुळवाव्यात तसं नीट बोलली. भांडली असती तर बाबांनी समजूत काढली असती. जे भांडतच नाही त्याची समजूत कशी काढणार? तेव्हा केझियाने ठरवलं की मिस रोशेलला या यादीत अशी ओळ मिळवून द्यायची, की तिच्याशिवाय सहल अडली पाहिजे.

"तिची मॅकरोनी आम्ही घरी खातो," केझिया टेबलाला म्हणाली. "मी तीनदा वाढून घेते."

"मिलवॉकीत मॅकरोनीवर पावाचा चुरा घालतात म्हणे," लमॉन्टकाका म्हणाला.

"घालते ती," बाबा म्हणाले. "आणि चांगला लागतो."

बर्नडीन आत्याने भावाकडे असं बघितलं, की बाबांना स्वतःच्या बशीत एकाएकी फार रस वाटू लागला.

"कर्टिस, तुला मी वाढवलं," ती म्हणाली. "माझ्या हातच्या मॅकरोनीवर वाढवलं. आणि आता तू चुरा खातोस."

"मी फक्त म्हटलं—"

"खा रे, खा. माझं काय."

टेबलाच्या टोकाशी मोठी आत्या बसली होती. चर्चचा करडा कोट अजून अंगात होता. तिने चहाचा ग्लास बाजूला ठेवला.

"नाव काढ, बाळ."

केझियाचं बोट कळीवर गेलं. गेल्या वर्षीची केझिया असती तर तिने नाव काढून वर माफीही मागितली असती. गेल्या वर्षीची केझिया वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची आणि उत्तर येत असलं तरी वहीच्या कोपऱ्यात लिहून समाधान मानायची. पण त्या केझियाला पाण्यावर पाठ टेकता येत नव्हती. या केझियाला येत होती.

"मिस रोशेल आली नाही तर मीही येणार नाही," ती म्हणाली.

"ती का येणार नाही?" मोठ्या आत्याने विचारलं. खिडकीकडे न बघता.

"आत्या, तसं काही नाही," मिस रोशेल म्हणाली. "बसच्या फेऱ्या आहेत उन्हाळ्यात, म्हणून म्हटलं होतं—"

"मी पोरीला विचारलं."

"कारण तिथे तिला काही कामच नसतं," केझिया म्हणाली. आवाज चढला होता, आणि चढलेला आवाज स्वतःला आवडतोय हेही तिला कळत होतं. "पाच दिवस नुसती वाळूत बसते. प्लेट्स मांडते, प्लेट्स उचलते. आणि तिला काय काय येतं ते तुम्हाला कुणालाच ठाऊक नाही. मला पोहायला तिने शिकवलंय."

बोलून झालं. तोंडातून निघालं ते निघालं.

बाबांनी डोळे मिटले. लमॉन्टकाकाने तंगडी बशीत ठेवली, अगदी सावकाश, आवाज न करता.

टॉलिव्हरांच्या घरात कुणी पोहत नाही. तीस वर्षं बेटावर जातात, पण गुडघ्याच्या वर पाणी कुणाच्या अंगाला लागलेलं नाही. मोठी आत्या काठावर घडीची खुर्ची टाकते, छत्री रोवते आणि दर दहा मिनिटांनी मोठ्याने डोकी मोजते. कुणाचा गुडघा दिसेनासा झाला की त्याचं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही सगळ्या किनाऱ्याला ऐकू जातात. कुणी वाद घालत नाही, कारण ओला मेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ओला मे मोठ्या आत्याची बहीण, तेरा वर्षांची. त्यांच्या गावात पोहण्याचा तलाव होता, पण तो गोऱ्यांचा; काळ्या मुलांना नदी. पोहायला शिकवणारं नदीवर कुणी नव्हतं. पुढे कायद्याने तलाव सगळ्यांना उघडायची वेळ आली तेव्हा गावाने त्यात माती भरून टाकली. पण त्याच्या आधीच, एका जुलैत, ओला मे नदीतून परत आली नव्हती. काठावर बसून तिचे कपडे सांभाळत होती ती मोठी आत्या.

मिस रोशेलला पहिल्या वर्षी हे कुणी सांगितलं नव्हतं. ती मिलवॉकीच्या सरोवरावर तरुणपणी जीवरक्षक होती. समुद्र दिसताच सरळ आत शिरली, लाटांपलीकडे गेली आणि अर्ध्या तासाने हसत परत आली. तेव्हा मोठी आत्या बुटांसकट पाण्यात उभी होती, छातीवर हात घट्ट धरून. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. बाबांनी त्या रात्री सगळं सांगितलं. त्यानंतर दोन्ही उन्हाळे मिस रोशेल पँट दुमडून वाळूत बसून राहिली. पाण्याकडे पाठ करून.

आणि ऑक्टोबरात एका शनिवारी सकाळी केझियानेच तिला विचारलं होतं, मला शिकवाल का. मिस रोशेल आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, बाबांना विचार. बाबा म्हणाले, मोठ्या आत्याला कळता कामा नये. तेव्हापासून दर शनिवारी सातला दोघी व्यायामशाळेच्या तलावावर जायच्या आणि घरी सांगायच्या, वाचनालय. केझियाला त्या पहिल्या सकाळी पाठीखाली ठेवलेला मिस रोशेलचा तळहात अजून जाणवतो. तो कधी काढला हे तिला कळलंच नव्हतं. छताकडे बघत ती बोलत राहिली होती, बोलत राहिली होती, आणि मग मिस रोशेलचा आवाज चार हातांवरून आला, "मी इथे आहे. तुला धरलेलं नाही." त्या वाक्याबद्दल तिला आभार मानायचे होते. पाच महिने ती शब्द शोधत होती. सापडले नाहीत म्हणून आज मॅकरोनी मागत होती.

आणि त्याऐवजी तिने मिस रोशेलला उघडं पाडलं.

"माझी चूक आहे, आत्या," मिस रोशेल म्हणाली. तिने बशी खिडकीत ठेवली आणि उभी राहिली. "तुम्हाला विचारायला हवं होतं. पोरीला बोलू नका."

"बस खाली," मोठी आत्या म्हणाली.

मिस रोशेल बसली.

"ही पोरगी दर पंधरा दिवसांनी या घरात येते. माझ्या दोन गुडघ्यांमध्ये बसते. मी तिच्या वेण्या घालते, तीन-तीन तास." मोठी आत्या कुणाशी तरी हिशोब मांडत असल्यासारखी बोलत होती. "ऑक्टोबरपासून हिच्या केसांना क्लोरीनचा वास येतोय. वाचनालयात क्लोरीन टाकतात असं मी ऐकलेलं नाही."

लमॉन्टकाकाच्या नाकातून हसू निसटलं. त्याने ते रुमालात गुंडाळलं.

"तुला माहीत होतं?" केझिया म्हणाली.

"म्हातारी झाले आहे. नाक गेलेलं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

मेजपोशाच्या प्लास्टिकवर एक सुरकुती होती, ती मोठी आत्या अंगठ्याने सपाट करत राहिली.

"पहिल्यांदा वास आला तेव्हा कर्टिसला फोन करणार होते," ती म्हणाली. "फोन हातात घेतलाही होता. मग वाटलं, पुढच्या वेळी येते का बघू. तू आलीस. मग म्हटलं, त्याच्या पुढच्या वेळी. तू येतच राहिलीस. दर वेळी आलीस, बाळ. आणि दर वेळी तुझी मान जरा जास्त ताठ. वेणी घालणाऱ्याला मान कळते."

मोठ्या आत्याने अंगठा सुरकुतीवरून उचलला.

"किती लांब जाता येतं तुला?"

"तलाव वीस वेळा."

"पाय टेकत नाहीत तिथे?"

"टेकत नाहीत."

"आणि काठावर कोण बसतं?" हा प्रश्न खिडकीकडे गेला.

"काठावर कुणी नसतं, आत्या," मिस रोशेल म्हणाली. "मी पाण्यात असते. तिच्या शेजारी. खोल पाण्याच्या बाजूला मी."

"दर वेळी?"

"दर वेळी."

मोठ्या आत्याने मान हलवली. एकदाच. मग ग्लासातला उरलेला चहा संपवला आणि ग्लास पुन्हा त्याच ओल्या गोलावर नेमका ठेवला.

"मॅकरोनी बर्नडीनची," ती म्हणाली. "लिही."

केझियाने मिस रोशेलचं नाव काढलं. एकेक अक्षर मागे गेलं. तिने बर्नडीन आत्याचं नाव टाकलं. बर्नडीन आत्या विजयी दिसायला हवी होती, पण ती मोठ्या आत्याकडे बघत होती.

"प्लेट्स आणि बर्फ, लमॉन्ट."

"मी?" लमॉन्टकाका म्हणाला. "माझ्या रिब्स आहेत."

"रिब्सही. देवाने दोन हात दिलेत."

"मोठ्या आत्या, सत्तावन्न वर्षांचा आहे मी. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, शेवटी उपयोगी पडला. केझिया, खाली एक नवी ओळ घे."

"काय लिहू?"

"पाणी."

"पिण्याचं?"

"बेटाच्या भोवती असतं ते."

केझियाने ‘पाणी’ लिहिलं. तीस वर्षांच्या यादीत ते कधीच नव्हतं.

"पुढे हिचं नाव. पूर्ण लिही. तिन्ही."

‘रोशेल डनीस टॉलिव्हर’ लिहिताना केझिया दोनदा चुकली. पडदा धूसर झाला होता, आणि रंगीत रकाने एकमेकांत मिसळत होते. बाबांनी टेबलाखालून स्वतःचा रुमाल तिच्या मांडीवर टाकला आणि दुसरीकडे बघत राहिले.

"हे काम घ्यायचं असेल तर घे," मोठी आत्या खिडकीकडे वळली. पहिल्यांदाच सरळ वळली. "बसच्या फेऱ्या असतील तर तसं सांग. पण हे प्लेट्ससारखं वाटेत मिळत नाही."

म्हणजे मंगळवारचं बोलणंही इथवर पोचलेलं होतं. बाबांनी नजर चुकवली.

मिस रोशेलने दोन्ही हात मांडीवर एकात एक घातले.

"फेऱ्यांना माणूस मिळेल," ती म्हणाली. "मी येते."

"एका वेळी किती मुलं सांभाळशील?"

"चार. पाचव्याने काठावर थांबायचं, कितीही रडला तरी."

"चार," मोठी आत्या म्हणाली. "आणि एक म्हातारी?"

मोठी आत्या कोटाचं बटण नीट करत होती, जे आधीच नीट होतं.

"म्हातारी आधी," मिस रोशेल म्हणाली. "मुलं नंतर. सकाळी सहाला, पाणी शांत असतं तेव्हा. कुणी उठायच्या आत."

"मी पाचलाच उठलेली असते."

"मग आपण सूर्याच्या आधी जाऊ. गुडघ्यापर्यंत जायचं आणि उभं राहायचं. पहिल्या दिवशी एवढंच. मी खोल बाजूला असेन."

"बघू," मोठी आत्या म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा खूप लहान होता. तिने तो सावरला. "लिही, बाळ. चार अधिक एक."

केझियाने लिहिलं. तिला मिस रोशेलकडे बघायचं होतं, पण बघितलं तर आपण या टेबलावर ढसाढसा रडणार हे तिला माहीत होतं, आणि रडली तर लमॉन्टकाका त्यावरून जूनपर्यंत चिडवणार. म्हणून तिने नुसते आकड्यांवर डोळे रोखले.

"दोन लिही," बर्नडीन आत्या म्हणाली.

ती कुणाकडेच बघत नव्हती. मेजपोशावरचे केकचे कण बोटाच्या टोकाने एकेक करून गोळा करत होती.

"काय दोन?" केझियाने विचारलं.

"चार अधिक दोन. ऐकू येत नाही का?"

पंख्याची घरघर पुन्हा ऐकू येऊ लागली. मिस रोशेल खुर्चीतून पुढे झुकली.

"पाण्याची भीती वाटते का, बर्नडीन?"

"भयंकर."

"छान," मिस रोशेल म्हणाली. "मग माझं ऐकशील."